प्यो दासोमचा बेसूर

आमच्या तोंगयोंग गावात सध्या अशी बातमी आहे की, 'तुझ्या हृदयाची चौथी तार' या सिनेमाच्या शेवटी जे व्हायोलिन ऐकून अख्खा कोरिया ढसाढसा रडला, ते आमच्या वर्गातल्या प्यो दासोमनं वाजवलेलं आहे. ही बातमी बंदरावरून निघाली आणि मासळी बाजारात पोचेपर्यंत चांगली बाळसेदार झाली. तिथे असं कळतं की, व्हिएन्नाच्या कुठल्याशा मोठ्या संगीत विद्यालयातून फोन आला होता, पण दासोमच्या आईनं "आत्ता कालवांचा मोसम आहे, नंतर बघू" म्हणून तो ठेवून दिला. सुकट विकणारी एक आजी तर त्याच्याही पुढे गेली आहे. तिच्या मते सिनेमाच्या नायकानं दासोमला मागणी घातली होती. पण मुलगा सेऊलचा, म्हणजे जन्मभर त्याला माशातले काटे काढून द्यावे लागणार, म्हणून आईनंच नकार दिला.

यातलं खरं एवढंच की कालवांचा मोसम चालू होता.

रडवणारं व्हायोलिन वाजवलं ते सेऊलच्या एका पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी. ते म्हणे स्टुडिओत सपाता घालून बसतात आणि दोन रडण्यांच्या मध्ये शेंगदाणे खातात. दासोमचं व्हायोलिनही सिनेमात आहे, नाही असं नाही. ते सुरुवातीला आहे. ते ऐकून नायक प्रेमात पडतो आणि गच्चीवरची कबुतरं उडून जातात. नायकाला अभिनय शिकवलेला होता. कबुतरांना कोणीही काही शिकवलेलं नव्हतं.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, तो त्यांनी आधी पाहिलेलाच आहे. नायक पियानोचा जादूगार, श्रीमंत, मनानं बर्फाची लादी. वय सतरा, भूमिका वठवणाऱ्या नटाचं वय विचारू नये, त्याच्या गणवेशाची बटणं सगळं सांगतात. नायिका गरीब, हसरी, सतत अडखळून पडणारी. ती व्हायोलिन इतकं वाईट वाजवते की नायकाचा बर्फ वितळतो. मग ती चांगलं वाजवू लागते, आणि त्याला ताबडतोब असा एक आजार होतो ज्यात माणूस मरतो पण केस विस्कटत नाहीत.

आता दासोम.

दासोम आमच्या शाळेच्या वाद्यवृंदात साथीचे सूर वाजवणाऱ्या दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत अगदी शेवटच्या खुर्चीवर बसते. वाद्यवृंद चालवतात योम सर. योम सरांना प्रश्न विचारायची आवड आहे आणि उत्तर ऐकायची नाही, त्यामुळे ते दोन्ही कामं स्वतःच करतात. दासोम पहिल्या वर्षी दाखल झाली तेव्हा सरांनी तिचं एक गाणं ऐकलं, म्हणजे गाण्याची पहिली ओळ ऐकली, आणि हात वर केला.

"थांब. दासोम, तुझा हात किती सुंदर चालतो माहिती आहे का? नाही माहिती. राजहंसाच्या मानेसारखा चालतो. तुला बाहेर काढू का? नाही काढणार. स्पर्धेत दोन्ही बाजूंच्या रांगा सारख्या दिसायला हव्यात. तू बसायचंस. फक्त गजाला राळ लावायची नाही. समजलं का? नाही समजलं."

तिला समजलं होतं. व्हायोलिनच्या गजाला राळ लावली नाही तर तो तारेवरून नुसता घसरतो, आवाज करत नाही. तर योम सरांची योजना अशी की, दासोमनं सगळ्यांबरोबर गज वर-खाली करायचा, मान डोलवायची, शेवटी सगळ्यांबरोबर उभं राहून वाकून नमस्कारही करायचा. फक्त ऐकू यायचं नाही. दोन वर्षं ती अशी वाजली. प्रांताच्या स्पर्धेत आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि एका परीक्षकानं मुद्दाम येऊन सांगितलं की शेवटच्या खुर्चीवरच्या मुलीचा गज फार भावपूर्ण आहे. दासोमनं त्यांनाही वाकून नमस्कार केला.

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर जे काका राहतात, त्यांना वरच्या मजल्यावर कोणी मोजे घालून चाललं तरी चालत नाही. व्हायोलिन कुठून चालणार? म्हणून ती घरीही बिनराळेचंच वाजवायची.

"मग तुला कळतं कसं बरोबर वाजतंय का ते?" शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रस्तुत लेखकानं एकदा विचारलं होतं.

"डोक्यात ऐकू येतं की."

"आणि कसं असतं?"

"छान असतं," ती म्हणाली. अगदी गंभीरपणे. दासोम विनोद करत नाही. तिला ते जमत नाही, जसं तिला खोटं बोलणं आणि तिसऱ्या बोटाचा सूर जमत नाही.

तिला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. व्हिएन्ना नको होतं, नायक तर फुकटही नको होता. तिला एकदा, फक्त एकदा, एक आख्खं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणालातरी ऐकवायचं होतं, आणि मध्ये कोणी हात वर करायला नको होता. शाळेत काकडीची कोशिंबीर वाढणाऱ्या मावशींना मागच्या वर्षी अचानक मंचावर बोलावून गाणं म्हणायला लावलं होतं. दासोमला तेवढंही मिळालं नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर सिनेमावाले आले. आमच्या शाळेची गच्ची समुद्राकडे तोंड करून आहे, आणि गच्चीशिवाय कोवळ्या वयातलं प्रेम आमच्या देशात कायद्यात बसत नाही, म्हणून त्यांना आमचीच शाळा हवी होती. दिग्दर्शिका हाम बाई. आवाज इतका हळू की त्या बोलल्या की सगळे पुढे झुकतात, आणि सगळे झुकले की त्यांना वाटतं आपलं पटलं. त्यांची अडचण अशी होती: नायिकेला व्हायोलिन येत नव्हतं. गोष्टीतही येत नाही, मग अडचण कसली? तर तिचं न येणं हे नुसतं घासणं होतं. सुतारकाम. सेऊलहून आणलेले वादक मुद्दाम वाईट वाजवत, तर त्यांच्या चुका अगदी तालात येत. हाम बाईंना दोन्ही नको होतं.

तालमीला येऊन त्यांनी योम सरांना सांगितलं, "मला असं कोणीतरी हवंय, जे मनापासून बरोबर वाजवायला जातं... आणि चुकतं."

आम्ही सगळे पुढे झुकलो.

योम सरांच्या छातीत हवा भरली. "आमच्या वाद्यवृंदात वाईट वाजवणारं कोणी आहे का? नाही. प्रांतात आमचं स्थान कितवं? दुसरं. तुम्ही चुकीच्या शाळेत आलात का? आलात."

त्यांचं वाक्य संपायच्या आत साठ-सत्तर माना शेवटच्या खुर्चीकडे वळलेल्या होत्या. वाद्यवृंदानं इतकं एकत्र काही केल्याची दोन वर्षांतली ही पहिली वेळ.

दासोम उभी राहिली. शेजारून राळेची वडी मागून घेतली. गजावर ती घासली, बराच वेळ, जणू शाळेच्या सगळ्या खिडक्या पुसतेय. मग तिनं शाळेचं गीत वाजवायला घेतलं.

त्या आवाजाचं वर्णन करणं म्हणजे दासोमचा अपमान आहे, म्हणून ते नीटच केलं पाहिजे. सुरुवात 'क्रीऽऽऽ' अशी, गंजलेल्या दारासारखी. मग तीन-चार सूर जवळजवळ बरोबर, इतके जवळ की ऐकणाऱ्याच्या दाढा शिवशिवाव्यात. मग 'समुद्राच्या लाटांहून उंच आमची स्वप्ने' ही ओळ आली, जिथे सूर वर जातो. दासोम वर जायला निघाली. पोचली नाही. ती थांबली, माफी मागावी तसा त्या सुराला मान लववून छोटासा नमस्कार केला, मागे आली आणि पुन्हा निघाली. पुन्हा नाही. पुन्हा नमस्कार. चौथ्या खेपेला ती सुराच्या वर जाऊन पोचली आणि तिथून हळूच खाली उतरली, एखाद्या काकू चुकीच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडून जिना उतरतात तशी. योम सरांचा हात वर गेला. हाम बाईंनी तो न बघताच धरून खाली केला. गाणं कडव्याच्या शेवटापर्यंत गेलं.

"हीच," हाम बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. कशानं ते आम्ही विचारलं नाही. "आमची नायिका पाठमोरी दिसेल, तिथे तू असशील. तुझी पाठ, तुझे हात, तुझाच आवाज. सुटीत चित्रण करू. तयारी काही करू नकोस. अगदी अशीच ये, जशी आहेस तशी."

दासोमनं एवढंच विचारलं, "कोणी मध्ये थांबवणार नाही ना?"

"कोणी नाही."

त्या संध्याकाळी ती कालवांच्या शेडमध्ये पळत गेली. दासोमची आई तिथे कालवं फोडते. पन्नासेक बायका रबरी बूट घालून ओळीनं उभ्या, हातात छोट्या सुऱ्या, समोर शिंपल्यांचा डोंगर. त्यांची तोंडं सुऱ्यांहून वेगानं चालतात. दासोमनं बातमी सांगितली, आणि पन्नास सुऱ्या एकदम थांबल्या.

"सिनेमात?" शेजारची मावशी म्हणाली.

"सिनेमात!" आई म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "काय वाजवणार?"

"शाळेचं गीत. त्यांना माझं वाईटच हवंय आई. तयारी करू नकोस म्हणाल्या, जशी आहेस तशी ये म्हणाल्या."

आईनं सुरी खाली ठेवली. आपली मुलगी वयात आली तरी अजून जगात आलेली नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

"अगं बाई, असं म्हणतातच. पाहुणे येताना 'काही करू नका हं' म्हणतात, म्हणून आपण खरंच काही करत नाही का? मागच्या सणाला तुझी आत्या म्हणाली, नुसता भात चालेल. मी भात ठेवला असता तर?"

"आजपर्यंत बोलली असती," शेजारची मावशी म्हणाली.

"पण त्या खरंच—"

"मोठ्या शहरातली माणसं आहेत ती. तोंडावर कशी म्हणतील, की पोरी, शिकून ये? सभ्य आहेत म्हणून बोलल्या नाहीत. आपण समजून घ्यायचं असतं."

आमच्या देशात 'तयारी करू नका' हे वाक्य आजवर कोणी खरं मानलेलं नाही. 'फक्त सहज खेळा' म्हटलं की आम्ही मैदानाला आधी चार फेऱ्या मारून येतो. परीक्षेत न येणारा धडा आधी क्लासमध्ये शिकून मग शाळेत पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करतो. तेव्हा प्यो दासोमला वाईट वाजवण्यासाठी निवडलं, आणि तिच्या आईनं तिला ताबडतोब चांगल्या क्लासला घातलं, यात आमच्यापैकी कोणालाच काही विचित्र वाटलं नाही. प्रस्तुत लेखकाच्या आईनं तर पत्ताच दिला.

क्लास ओ बाईंचा. जर्मनीत राहून आलेल्या. किती राहिल्या ते माहीत नाही, पण अजून थंडी वाजली की जर्मनमध्ये वाजते. भिंतीवर पास झालेल्या मुलांचे फोटो, आणि त्यांच्या खाली पुढच्या मुलांसाठी मोकळ्या चौकटी. ओ बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "परीक्षेला काय आहे?"

"परीक्षा नाही, सिनेमा आहे," दासोम म्हणाली.

"तेच ते. काय आहे?"

"शाळेचं गीत. पहिलं कडवं."

"मग पहिलं कडवं. त्याच्या पुढचं विचारायचं नाही, मागचं वाजवायचं नाही." आणि ओ बाईंनी तिच्या डाव्या हाताची बोटं जिथे ठेवायची तिथे रंगीत टिकल्या चिकटवल्या.

दासोमनं दोनदा सांगून पाहिलं की मला बरोबर नकोय. ओ बाईंना ते वाक्य ऐकू आलं नाही. अशी वाक्यं ऐकू येऊ नयेत म्हणूनच बहुधा माणूस जर्मनीला जातो. आणि खरं सांगायचं, तर काही दिवसांनी दासोमचंही सांगणं कमी झालं. कारण एका दुपारी तो वरचा सूर लागला. 'स्वप्ने'तला. लागला तो लागला. तिनं पुन्हा वाजवून पाहिला, पुन्हा लागला. तिनं सवयीनं मान लववली. ह्या वेळी माफी कशाची मागितली हे तिलाही कळलं नसावं.

"आता कळलं?" आई जेवताना म्हणाली. "आता लाज नाही वाटणार."

चित्रणाच्या दिवशी समुद्रावरून असा वारा येत होता की कान गळून पडावेत. पण सिनेमात वसंत होता. माणसं शिडीवर चढून नागड्या झाडांना कागदी फुलं डिंकानं चिकटवत होती. नट-नट्या उन्हाळी गणवेशात कुडकुडत होते, आणि बोलताना तोंडातून वाफ दिसू नये म्हणून प्रत्येकाच्या गालात बर्फाचा खडा होता. नायक दर वेळी 'मी कोणावर प्रेम करत नाही' म्हणण्याआधी बर्फ या गालातून त्या गालात सरकवायचा. बर्फाळ मनाचा माणूस, वगैरे. त्या दिवशी ते खोटं नव्हतं.

खाली फाटकाशी गाड्या उभ्या होत्या. आमच्याकडे लाडक्या नटाचे चाहते चित्रणाच्या जागी कॉफीची गाडी पाठवतात, त्यावर त्याचा भला मोठा फोटो आणि 'आमच्या राजकुमाराला सांभाळून घ्या' अशी पाटी. नायकाच्या चाहत्यांची गुलाबी गाडी आली होती. तिला खेटून दुसरी एक गाडी उभी होती. मासे वाहायची. तिच्यावर कालवांच्या शेडनं पाटी लावली होती: 'आमच्या प्यो दासोमकडे लक्ष असू द्या'. सोबत फोटो, दासोमचा, दुसरीतला, पुढचे दात नसलेला. गाडीत उकळत्या रश्शात मासळीच्या वड्यांच्या काड्या, भाताचे गुंडाळे आणि तिखट माकूळ. मावश्या रबरी बूट घालूनच आल्या होत्या आणि सेऊलवाल्यांना पकडून पकडून खायला घालत होत्या.

"ओ प्रकाशवाले! खा की. एवढ्या एकाच काडीवर दिवा उचलता होय?"

गुलाबी कॉफी तशीच राहिली. नायकही मावश्यांच्या रांगेत दिसला.

गच्चीवर दासोमला नायिकेचा गणवेश चढवला, केस नायिकेसारखे केले. पायऱ्यांच्या दारापाशी आई आणि निम्मी शेड दाटीवाटीनं उभी राहिली. दाराआडून नायक डोकावणार, आवाज ऐकणार, थबकणार, असं ठरलेलं. हाम बाईंनी हळूच "सुरू" म्हटलं. सगळे पुढे झुकले.

दासोमनं वाजवलं. पहिला सूर स्वच्छ. दुसरा स्वच्छ. 'स्वप्ने' वर गेली, बरोबर सुरावर जाऊन उभी राहिली, आणि खाली आली. एकही चूक नाही. दाराशी आईनं शेजारच्या मावशीचा दंड इतका दाबला की तिचं बोंबलणं ध्वनिमुद्रणात आलं असतं; पण ध्वनिमुद्रण तिथेच थांबलं. हाम बाईंनी हात वर केला.

"हे काय?" त्यांनी विचारलं. आणि ह्या खेपेला त्या हळू बोलल्या नाहीत.

दासोम म्हणाली, "बरोबर वाजवलं."

"ते ऐकलं मी."

कागदी फुलं फडफडत होती. सहायक दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं, आकाश बघितलं, मग दासोमकडे असं बघितलं की जणू ती नासकं कालव आहे. "असं करू," तो म्हणाला, "जसं आधी वाजवायचीस तसं वाजव. चूक. मुद्दाम."

दासोमनं प्रयत्न केला. जिथे चुकायचं तिथे चुकली. ऐकायला भयंकर लागलं, पण खोटं भयंकर. वाकड्या तोंडाचे फोटो काढताना तोंड वाकडं करतात तसं. तिला खोटं जमत नाही हे आधी सांगितलंच आहे. वरच्या सुरावर तर बोट आपोआप टिकलीच्या जागी जाऊन बसलं. टिकली निघाली होती, जागा निघत नव्हती.

"सेऊलला फोन लावतो," सहायक म्हणाला. "ह्या मुलीचं राहू दे. पाठ दुसऱ्या कोणाचीही चालेल."

हे त्यानं दाराजवळ उभं राहून म्हटलं. आईनं ऐकलं. पन्नास बायकांमध्ये जिचा आवाज सगळ्यात मोठा, तिनं बुटांचा आवाजही न करता गर्दीतून वाट काढली. मग पुढे आली, हातातला एप्रन चुरगाळत.

"चूक माझी आहे बाई," ती हाम बाईंना म्हणाली. "मीच शिकवायला लावलं. तिनं सांगितलं होतं तुम्ही काय म्हणालात ते. मला वाटलं, तुम्ही आपलं उगीच म्हणताय."

"मी उगीच कशाला म्हणेन?" हाम बाई.

"सगळेच म्हणतात की हो!"

मागून निम्म्या शेडनं आणि, लपवायचं कशाला, निम्म्या सिनेमावाल्यांनीही मान डोलावली.

दासोम व्हायोलिन हनुवटीखाली धरून उभीच होती. नायिकेच्या पातळ गणवेशात तिचे ओठ निळे पडले होते. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सोपं होतं: आता केस सोडतील, गणवेश काढून घेतील, आणि सुटीनंतर शेवटची खुर्ची आणि घसरणारा गज. पुन्हा कोणी ऐकणार नाही. तिनं आईकडे बघितलं. मग मावश्यांकडे. आज सगळ्या नटून आल्या होत्या, म्हणजे बुटांवर पाणी मारून आल्या होत्या, त्यांची पोरगी छान वाजवते हे ऐकायला. एकदा ऐकलंही होतं. तिथेच थांबलं तर लाज राहत होती.

"दुसरं कडवं वाजवू?" दासोम म्हणाली.

"काय?"

"गीताला दुसरं कडवं आहे. त्याची चाल वेगळी आहे, आणखी वर जाते. ते क्लासमध्ये घेतलं नाही. परीक्षेत नव्हतं."

हाम बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "येतं तुला?"

"डोक्यात येतं."

"आणि... प्रयत्न करशील? खरा?"

दासोमला हा प्रश्नच कळला नाही. दुसरा कुठला असतो?

सहायकाचा फोन कानाला तसाच राहिला. नायक दाराआड गेला, गालात नवा बर्फ. हाम बाईंनी सगळ्यांना बजावलं की कोणीही, कोणीही मध्ये थांबवायचं नाही.

दासोमनं सुरुवात केली आणि पहिल्या ओळीला कबुतरं गेली. पुढे काय झालं ते तोंगयोंगला माहीत आहे, सिनेमात तसंच्या तसं आहे. गज भलत्याच तारेवर गेला आणि परत आला. बोटं टिकल्यांपलीकडच्या अनोळखी मुलखात चाचपडत निघाली. प्रत्येक सूर ती मनापासून गाठायला गेली, आणि प्रत्येक सुरानं तिला दारातूनच परत पाठवलं, आणि प्रत्येकाला ती मान लववून पुन्हा गेली. मावश्यांपैकी एकीनं कानावर हात ठेवले. "देवा, हे काय करतेय," असं दुसरी पुटपुटली, आणि तिला आईनं कोपरानं हाणलं. आईचा चेहरा लाल झाला होता, लाजेनं, थंडीनं. पण ती जागची हलली नाही आणि तिनं कोणाला हलू दिलं नाही. शेवटच्या ओळीत सगळ्यात वरचा सूर होता. दासोम पाच वेळा गेली. पाचव्यांदा दाराआडच्या नायकाला हसू फुटलं, संहितेत नसलेलं, आणि त्याच्या तोंडातला बर्फ ठपकन जमिनीवर पडला. दासोमनं मागे वळून पाहिलं नाही. ती सहाव्यांदा गेली, तिथेही लागला नाही, आणि गाणं संपलं, कारण ते संपतं तिथवर ती पोचली होती.

दासोमनं व्हायोलिन खाली केलं, आणि ती सगळ्यांना सोडून आधी समुद्राला वाकली.

"झालं," हाम बाई म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात, म्हणजे कोणालाच ऐकू आलं नाही.

समीक्षक त्या दृश्याबद्दल आता जे लिहितात ते वाचून आम्ही पोट धरून हसतो. नायकाच्या तोंडातून पडणारा बर्फ म्हणे त्याच्या गोठलेल्या मनाचं प्रतीक. योम सर पाहुण्यांना सांगतात, "दासोमला कोणी हेरलं? मी हेरलं. दोन वर्षं तिचा सूर कोणी जपला? मी जपला." आणि ओ बाईंच्या भिंतीवर एका चौकटीत दासोमचा फोटो लागला आहे, खाली लिहिलंय 'सिनेमात निवड'. तालमीत तिच्या गजाला राळ असते, आणि पुढच्या स्पर्धेत आम्हाला दुसरं काय, विसावंही बक्षीस मिळणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं आहे.

पण हे सगळं नंतरचं. सिनेमा लागला त्या दिवशी हे काही ठरलेलं नव्हतं. थिएटरच्या रांगेत शेडमधल्या मावश्या, आई, दासोम आणि प्रस्तुत लेखक असे आम्ही उभे होतो. दासोम सारखी हाताची बोटं चोळत होती.

"एवढी घाबरतेस काय?" प्रस्तुत लेखक म्हणाला. जगाचा अनुभव असल्यासारखं बोलायची त्याला सवय आहे. "सेऊलला सगळं बदलतात. तुझी पाठ ठेवतील, आवाज त्या टकल्याचा टाकतील. वर विनोदी संगीत, ट्यँव ट्यँव. पैज लाव."

दासोमनं विचार केला. "कशाची?"

"तू सांग."

"हरलास तर वर्ष संपेपर्यंत मला ताई म्हणायचं. वर्गात. सगळ्यांसमोर."

एका वर्गातल्या मुलीला कोणी ताई म्हणत नाही, आणि त्यातून प्रस्तुत लेखक तिच्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठा. पण पैज जिंकलेलीच होती, तेव्हा तो उदारपणे "चालेल" म्हणाला.

अंधार झाला. कागदी फुलं आली, गच्ची आली, पाठ आली. आणि मग 'क्रीऽऽऽ'.

जसंच्या तसं. प्रत्येक नमस्कारासकट. ट्यँव ट्यँव नाही, काही नाही. मागे नुसता वारा. आमच्या पुढच्या रांगेतली अनोळखी माणसं आधी हसली, मग हसायची थांबली, आणि पाचव्या खेपेला, ती पुन्हा निघाली तेव्हा, कोणीतरी अंधारात "जा, जा" असं म्हणालं. दासोम खुर्चीच्या कडेवर बसून, तोंड उघडं टाकून स्वतःचं आख्खं कडवं ऐकत होती. दोन रांगा मागून आई उठून उभी राहिली आणि अख्ख्या थिएटरला सांगितलं, "माझी आहे ती! ते चुकतंय ना, ती माझी आहे!"

कडवं संपलं. दासोमनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि पडद्यावरून नजर न काढता हात पुढे केला.

"दासोमताई," प्रस्तुत लेखक म्हणाला.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मावश्यांना ऐकू जायला पाहिजे."

मोठ्यानं म्हणावं लागलं.